फोटोतून पुसलेला माणूस

ज्योत वाकली. खिडकी बंद होती, पंखा बंद होता, तरी माझ्या हातातल्या तबकातली निरांजनाची ज्योत ह्यांच्या तोंडाकडे वाकली, लांब झाली, पांढरी झाली आणि त्यांच्या नाकाखाली जाऊन बसली. आवाज काही नाही. मिशी पेटली, तेल लावलेला गाल पेटला, आणि नाकात घातलेली ऑक्सिजनची नळी आतून उजळली. मग ती आग नळीतून मशीनच्या दिशेने सरकायला लागली. हे माझ्याकडे बघत होते. ओरडले नाहीत. ओरडायला श्वास लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता.

मी तबक टाकलं आणि दोन्ही हातांनी नळी ओढून त्यांच्या कानांवरून काढली. ती माझ्या तळव्याला चिकटली. सून समोर मोबाइल धरून आमचा फोटो काढत उभी होती. "मशीन बंद कर," मी म्हटलं. तिने बटण शोधलं नाही, सरळ प्लग उपटला. अंग पुसलेला ओला पंचा खुर्चीच्या पाठीवर होता, तो मी ह्यांच्या तोंडावर दाबला. विझलं. खोलीत सुगंधी तेलाचा आणि जळलेल्या केसांचा वास भरला.

मागच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, देवासच्या आमच्या घरात हे झालं. नातेवाइकांत याच्या वेगवेगळ्या हकिकती फिरतात. माझी ही.

हे कोर्टात नोकरीला होते. सिगारेट कधी सोडली नाही, मग सिगारेटने ह्यांना धरलं. फुप्फुसं गेली. दोन वर्षांपासून घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. ते दिवसभर घुरघुरतं आणि त्याची लांब नळी ह्यांच्या नाकाला असते. मशीन लावायला आलेला माणूस ह्यांना म्हणाला होता, "भिया, बीडी-सिगरेट बिल्कुल नहीं. गैस, चूल्हा, सब दूर." आम्ही गॅसची शेगडी खोलीपासून लांब नेली. काड्याची पेटी उचलली. देवघर त्याच खोलीत राहिलं. आग म्हणजे शेगडी, आग म्हणजे बिडी, आग म्हणजे फटाका. देवापुढचा दिवा आग आहे हे त्या माणसाच्या मनात आलं नाही आणि आमच्याही नाही.

खूण मिळाली होती. सकाळी मी उदबत्ती ओवाळून ह्यांच्या पलंगाजवळून न्यायची, तेव्हा तिचं टोक एकदम लालभडक व्हायचं, फुंकर घातल्यासारखं. दोन पावलं पुढे गेलं की पुन्हा राखाडी. सुनेने एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, बाबांच्या जवळ पॉझिटिव्ह एनर्जी आहे बघा." मीही तेच धरून चालले.

पलंगावर पडून दिवस जात नाही. सुनेने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि ह्यांना त्यावर जुन्या फोटोंचा साठा सापडला. माणूस पहिल्यांदा आकाशात गेला तेव्हाचे फोटो, आणि जायच्या आधीच्या तयारीचे. परदेशातल्या सरकारांनी आणि संग्रहालयांनी ते सगळ्यांना बघायला उघडे ठेवलेत. पैसे पडत नाहीत. हे लहानपणी वर्तमानपत्रातली तसली चित्रं कापून ठेवायचे, म्हणून त्यांना वेड. मी पाचवी शिकलेली, धारच्या मराठी शाळेत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मी त्याच खोलीत भाजी निवडायची, तेव्हा मीही बघितले.

मला वाटलं होतं, तारे असतील, चंद्र असेल. तसे फोटो थोडे. जास्त फोटो बांधून ठेवलेल्या माणसांचे. खुर्चीला पट्ट्यांनी जखडलेले, छातीला नळ्या, तोंडावर नळ्या, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. रिकामे पोशाख खुंट्यांना टांगलेले, आत माणूस असल्यासारखे फुगलेले. एका माकडाला त्याच्या मापाची खुर्ची केली होती. त्याच्या तोंडाजवळही नळी होती.

"हा तुमचा भाऊबंद," मी ह्यांना म्हटलं.

"त्याला निदान खाली आणला तेव्हा सफरचंद दिलं," हे म्हणाले. "मला तुझी लापशी." हसले आणि मग बराच वेळ खोकले.

एका फोटोत पोशाख घातलेला पुतळा होता. माणसाच्या आधी त्याला वर पाठवला होता. हे म्हणाले, तो शेतात उतरला तर लोकांना प्रेत वाटेल, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर 'पुतळा' असं लिहिलं होतं. चेहरा अगदी माणसाचा होता. पापण्यासुद्धा होत्या. दुपारी हे तोंड उघडं टाकून झोपायचे आणि टीव्हीवरचे फोटो आपोआप बदलत राहायचे. त्या माणसांचे उजेड ह्यांच्या चष्म्यावर पडायचे. मी हातातलं काम ठेवून छाती हलते का बघत उभी राहायची. घुरघुर मशीनची आहे की ह्यांची, हे कान देऊन कळत नाही. डोळ्यांनीच बघावं लागतं.

दिवाळीच्या आधी एक पान निघालं. त्यावर एकच फोटो दोनदा होता. रशियाचे पहिले तरुण, वर जायला निवडलेले, ओळीने उभे. पहिल्यात मागे एक माणूस आहे. दुसऱ्यात तो नाही, तिथे नुसती पायरी आणि झुडूप. बाकी सगळे तसेच हसतायत. मी भाजीचं ताट खाली ठेवलं. असं मी माहेरी पाहिलं होतं. धारच्या घरात दिवाणखान्यात मोठा फोटो होता. एक काकू घर सोडून गेली म्हणून आजोबांनी स्टुडिओवाल्याकडून तिच्या जागी कुंडी रंगवून घेतली. पण तिचा हात आत्याच्या खांद्यावर होता, तो पुसायचा राहिला. कुंडीच्या बाजूने चार बोटं आत्याच्या खांद्यावर आलेली. आम्ही मुली दुपारी ती बोटं बघायला जायचो आणि घाबरून पळत यायचो.

"ह्याने काय केलं?" मी विचारलं.

"पिऊन शिपायांशी भांडला म्हणे. काढून टाकलं. मग फोटोतूनही काढलं."

खाली आणखी एकाचा फोटो होता. पोरसवदा, गोल तोंडाचा. "आणि ह्याने?"

"ह्याने काही नाही केलं. हा जळला." ह्यांनी थांबून श्वास घेतला. "सरावासाठी एका बंद खोलीत ठेवला होता. खोलीत ऑक्सिजन जास्त. अंग पुसायचा स्पिरिटचा कापूस टाकला, तो तापलेल्या शेगडीवर पडला. सगळी खोलीच पेटली. कितीतरी वर्षं सांगितलंच नाही, की असा कोणी होता."

"त्यात लपवायचं काय? कापूस टाकायला डबा ठेवायचा."

"तुला सगळं केरवाऱ्यासारखंच वाटतं."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा ह्यांच्या नाकात नळी होती आणि माझ्या मांडीवर कापूस. मी दिवाळीच्या वाती वळत होते. ते टीव्हीतलं होतं. आम्ही घरात होतो.

पाडव्याला आमच्याकडे बायको नवऱ्याला तेल लावते आणि ओवाळते. लग्न झाल्यापासून एक पाडवा चुकला नाही. मी ह्यांच्या डोक्याला, गालांना, मानेला सुगंधी तेल चोळलं. आंघोळीच्या जागी ओल्या पंच्याने अंग पुसलं. खुर्चीत बसवलं. नळी काढायचा प्रश्न नव्हता, काढली की थोड्या वेळात ओठ निळे पडतात. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली. सून म्हणाली, "बाबा, जरा स्माइल." मग मी तबक उचललं.

इंदूरला नेईपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये दुसरी नळी लावली होती. ह्यांचा वरचा ओठ आणि डावा गाल भाजला होता, भुवया गेल्या होत्या. त्याची काळजी नव्हती. आग श्वासाबरोबर आत गेली का, ही काळजी होती. आत गेली असेल तर घसा सुजतो आणि बंद होतो. ज्याची छाती आधीच अर्धी बंद, त्याचं काय होणार हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

बंगळूरहून मुलाचा सुनेला फोन आला. तिने तो माझ्या कानाला लावला, माझे हात पट्टीत होते.

"आई, डॉक्टरांना सांग मशीनमध्ये शॉर्ट सर्किट झालं."

"का?"

"अगं, पाडव्याला बायकोने नवऱ्याला जाळलं म्हणतील लोक. पोलीस विचारतील. उगाच."

"मशीन ठीक आहे," मी म्हटलं आणि सुनेला फोन घ्यायला सांगितलं.

डॉक्टर तरुण होता. मी त्याला तेलाचं सांगितलं, निरांजनाचं सांगितलं, ज्योत नाकापर्यंत गेली आणि ह्यांनी त्या वेळी श्वास आत घेतला असेल, हेही. तो म्हणाला, "माताजी, अच्छा हुआ बता दिया. शॉर्ट सर्किट बोलते तो मैं बाहर का ही देखता." त्याने लगेच दुर्बीण घालून घसा आतून बघितला. आत काळं होतं. सूज यायच्या आधी त्याने घशात नळी घातली आणि ह्यांना मोठ्या मशीनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता, असं मागून म्हणाला.

मग वाट बघायची. काचेतून हे दिसायचे. पट्ट्यांनी बांधलेले, कारण शुद्ध आली की नळी ओढतात. मिशी नाही, भुवया नाहीत, तोंड गुलाबी आणि गुळगुळीत. चाळीस-पन्नास वर्षं ज्या चेहऱ्यासमोर मी जेवले तो कुठे गेला होता कोण जाणे. टीव्हीतला पुतळा जास्त ओळखीचा वाटला. माझ्याशेजारी एक मालवी म्हातारी बसायची. तिने विचारलं, "यो थारो कई लागे?" मी म्हटलं, नवरा. मला खात्री करून घ्यावी लागली. पायांची बोटं बघून केली.

तिथेच बसून सुनेने नातेवाइकांना पाडव्याचा फोटो पाठवला होता. मी तो मागितला. त्यात हे खुर्चीत हसतायत. माझ्या बाजूने फोटो कापलेला. मी नाही, तबक नाही, निरांजन नाही. पण ह्यांच्या डाव्या गालावर पिवळा उजेड आहे. कुठून येतोय ते दिसत नाही.

"मी कुठे गेले?" मी विचारलं.

"आई, ते लोग सतरा सवाल करतील ना. ह्यांनी बंगळूरहून सांगितलं, दिवा दिसायला नको."

"पुरा पाठव."

"लोकं बोलतील, आई."

"मी बहिरी नाही, ऐकून घेईन. माझी बोटं कोणाच्या खांद्यावर राहायला नकोत."

तिला बोटांचं काही कळलं नाही. पण तिने पूर्ण फोटो पाठवला. धाकट्या नणंदेचा लगेच फोन आला, की वहिनी, सणाच्या दिवसात असलं काय दाखवायचं. मी म्हटलं, "तुझ्याकडेही मशीन येणार आहे ना भावजींसाठी? म्हणून दाखवलं."

घशातली नळी काढल्यावर ह्यांचा आवाज फाटका येत होता. पहिलं विचारलं, घर पेटलं का. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "तो पोरगा एकटा होता गं खोलीत. दार उघडायलाच वेळ लागला त्यांना."

आता देवघर मागच्या ओट्याजवळ आहे आणि मधलं दार बंद असतं. खोलीत उदबत्तीही नेत नाही. मिशी पुन्हा आली, डावीकडे आली नाही. माझी उजवी मूठ पुरती मिटत नाही. हे पुन्हा ते फोटो लावून बसतात, आणि मी पुन्हा छाती हलते का बघते.

त्या सकाळी खोलीत आम्ही तिघं होतो. सुनेला काही झालं नाही. मी जगले. हे जगले.