सुरूच राहिलेली पाळत

त्या मुलीने मला विचारलेला एक प्रश्न, वर्दी उतरवली तरी मनातून उतरलेला नाही. नोकरीत मोठमोठे गुन्हे पाहिले, त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. खरं तर यात गुन्हाच नव्हता.

तेव्हा माझी नेमणूक मीरा रोडला होती. आमच्या हद्दीत एका विमा कंपनीचं संगणक केंद्र होतं. मेनफ्रेम म्हणतात तसलं कपाटाएवढं यंत्र, आणि त्यातल्या डेटाबेसमध्ये सगळ्या विमेदारांची माहिती. कुठल्याही दवाखान्यात पेशंट दाखल झाला की खर्चाची मंजुरी इथूनच जायची. काही आठवडे ते यंत्र रखडत होतं. मंजुऱ्या अडकत होत्या, दवाखान्यांत नातेवाईक काउंटरवर डोकं आपटत होते. शेवटी कंपनीचा मॅनेजर अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आला.

"सर, एकदम क्लियर केस आहे," तो म्हणाला. "आमच्या एका नव्या मॅडमनी डेटाबेसचा चार्ज घेतला आणि सिस्टीम स्लो झाली. जानबूझके कुछ किया है. एफआयआर घ्या."

आल्या आल्या जो 'क्लियर केस' म्हणतो, त्याची केस मला कधीच क्लियर दिसलेली नाही. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि अर्ज चौकशीवर ठेवला. मुलगी पंचविशीची. माणसं मूळची रत्नागिरीकडची, राहायला सिल्व्हर पार्कात, घरात कमावणारी ती एकटी. गुन्हा दाखल झाला असता तर पुढे तिला कुठल्याही कंपनीने संगणकापाशी उभं केलं नसतं. घाई करून एखाद्या पोरीचं आयुष्य मातीत घालायला माझा हात धजेना.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. मुलगी सुट्टीच्या दिवशी, कोणालाही न सांगता, घरून सिस्टीममध्ये शिरते. निनावी फोनवरची माहिती पुष्कळदा खरी असते, खोट असते ती सांगणाऱ्याच्या मनात. मी तिला जबाबासाठी बोलावलं.

ती आली ती एका वयस्कर गृहस्थांबरोबर. सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांची उभी हयात त्या यंत्रापाशी गेली होती. तिला त्यांनीच शिकवलं, आणि निवृत्ती जवळ आल्यावर आपल्या शब्दावर चार्जही तिलाच देववला. काका बाहेर बाकावर बसले. आत मी, मुलगी आणि आमची पाली गावची महिला शिपाई.

"रविवारी घरून सिस्टीममध्ये जाता?"

"हो सर."

"परवानगी होती?"

"नाही."

"मग कशाला जाता?"

शिपाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "साहेब, पोरीनं सकालपासून पानी पन घेतलेला न्हाय." मी चहा मागवला आणि प्रश्न बाजूला ठेवून तिच्या आईची चौकशी केली. दरडावून जे निघत नाही ते अशाने निघतं. अर्धा कप पोटात गेल्यावर ती म्हणाली, "सर, सगळे बोलतायत की काकांनी चुकीच्या माणसाच्या हातात दिलं. कुठे अडतंय ते मी रविवारी बसून शोधत होते. मला सापडलं असतं तर त्यांचा शब्द राहिला असता."

मला ते पटलं. पण साहेबाला पटलं, एवढ्यावर चौकशी अहवाल होत नाही. यंत्र का रखडतं, ते कळायलाच हवं होतं. तिला बाहेर बसवून काकांना आत घेतलं.

"काका, मला ढ समजा आणि सांगा. यंत्र बरं चाललंय की नाही हे तुम्हाला कसं कळतं?"

"लक्ष ठेवतो ना साहेब. जास्तच शंका आली तर ट्रेस लावतो. डेटाबेसमध्ये जे जे घडतं त्याची बारीकसारीक नोंद होत राहते. कुठलं काम कुठे अडतंय ते दिसतं, मग तेवढं नीट करायचं."

"म्हणजे पाळतच की!"

"पाळतच म्हणा."

मी आपला पोलिसी हिशेब मांडला. "माझी माणसं साध्या कपड्यांत पाळतीवर गेली की इकडे बंदोबस्ताला कोणी उरत नाही. तुमच्या पाळतीला कोण लागतं?"

"माणसं नाही लागत. यंत्राचीच ताकद खर्च होते. म्हणून बारीक ट्रेस थोडाच वेळ लावायचा आणि बघून झालं की लगेच बंद..."

बोलता बोलता ते थांबले. चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं काका?"

"साहेब, मी तो बंदच केला नाही."

चार्ज दिला त्याच दिवशी त्यांनी तो लावला होता. "पोरगी नवीन," ते म्हणाले. "कुठे अडखळली तर आधी मला कळावं, चारचौघांत कळायच्या आत सांभाळून घेईन म्हटलं." रोज बघायचे आणि चालूच ठेवायचे. ती बिचारी आपण केलेले बदल पुन्हा पुन्हा तपासत होती. लगेच बंद करायचा, हे जी त्यांच्याकडूनच शिकली, तिला काकांनीच तो चालू ठेवला असेल अशी शंका यावी कशी?

मी काकांना घेऊन केंद्रावर गेलो. मॅनेजरसमोर त्यांनी ट्रेस बंद केला आणि तुंबलेल्या मंजुऱ्या भराभर सुटायला लागल्या. मॅनेजर "ओह" म्हणाला, बाकी काही नाही. काकांनी आपल्या अक्षरात जबाब लिहून दिला.

ठाण्यात परतल्यावर मी मुलीला एकटीला बोलावून सगळं सांगितलं. ती चिडेल असं मला वाटलं, आणि चिडायचा तिला पुरता हक्क होता. तिने विचारलं, "सर, काकांना काही होणार नाही ना?"

मी म्हटलं, "नाही बाळा. हेतू वाईट नव्हता असं अहवालात लिहितोय. अर्ज दफ्तरी दाखल, म्हणजे प्रकरण बंद." तेव्हा मात्र, इतक्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती मुलगी हमसून हमसून रडायला लागली.

रडणं ऐकून काका परवानगी न घेताच आत घुसले. "साहेब, काय बोलायचं ते मला बोला, पोरीला नको!"

"अहो, सुटली ती! बसा आधी खाली!" मी ओरडलो.

मुलगी ओढणीने डोळे पुसत हसली. "काका, आता तरी मला चुकू द्या ना."

काका खाली बसले, मान हलवली आणि मग तेही रडले. मी उगाच खिडकीबाहेर बघत राहिलो.

आयुष्यभर मी पाळत ठेवली ती संशयावरून. मायेची पाळतही माणसाला आरोपीच्या बाकावर नेऊन बसवू शकते, हे त्या दिवशी कळलं. माझ्याही मुली आता नोकरीला लागल्यात. ज्याच्या हाती काम सोपवलं, ते त्याला त्याचं त्याला करू द्यावं. आपला जीव तुटतो, मान्य. तुटू द्यावा.