फाटलेली कॉलर

टेलरबाईंचं मशीन चाललं की तोंडही चालायचं. पण त्या दिवशी सोनोग्राफी करून दुकानात आल्या त्या गप्पच. पोटात तिसरं, आधीची दोन्ही सिझेरियनची. बाळाला पोसणारी वार नेमकी गर्भपिशवीच्या जुन्या टाक्यांवर चिकटून पार आत रुतली होती. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "बाळ झाल्यावर ही वार कुणी ओढली तर रक्त थांबणार नाही. दिवस भरायच्या आधीच मोठ्या दवाखान्यात या. पिशवीही काढावी लागेल."

सासूबाई हटून बसल्या. "दोन्ही पोरं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात झाली ना? मग आताच काय धाड भरलीय? पिशवी काढायची म्हणे!" नवरा नेहमीसारखा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत उभा.

बाईंचा पारा चढला. चिंध्यांतून त्यांनी जुन्या शर्टाची कॉलर उपसली. आत इस्त्रीने चिकटवलेलं, कॉलर ताठ ठेवणारं बकरम. कोपरा उसवून सासूबाईंच्या हातात दिला.

"ओढा."

"अगं, पण..."

"ओढा म्हणते ना!"

सासूबाईंनी ओढलं. बकरमाबरोबर कापडही टर्रकन फाटलं.

"बकरम म्हणजे वार, आणि हे कापड म्हणजे मी," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "मला मरायचं नाहीये हो, आई. बकरम ओढायचंच नाही. कॉलरसकट कापायचं, मग शर्ट वाचतो."

सासूबाईंनी फाटकी कॉलर कनवटीला खोचली. मग उठल्या, आणि काय उठल्या! मोठ्या दवाखान्याला रक्ताची सोय आधी हवी होती. म्हातारी दुकानाच्या दारातच खुर्ची टाकून बसली. "पँट आखूड करायचीय? होईल. आधी रक्त देऊन ये." आठवड्यात अकरा जण देऊन आले. त्यात पुढच्या गल्लीतला टेलरही होता, ज्याच्याशी बाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

ठरल्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. चार तास, रक्ताच्या सहा बाटल्या. मुलगी झाली, चिमुकली, पण आवाज खणखणीत.

शुद्धीवर येताच बाईंनी विचारलं, "ओढली नाही ना?"

"हातसुद्धा लावला नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "पिशवीसकट काढली. जिंकलात तुम्ही."

आता पोरगी दुकानभर रांगते आणि बाईंचं तोंड पुन्हा सुरू झालंय. एखादी पोटुशी कपडे सैल करायला आली की सासूबाई विचारतात, "आधीचं सिझेरियन का गं?" ती हो म्हणाली की हाताला येईल ती कॉलर तिच्यापुढे करतात. "ओढ बघू."

"आई, ती गिऱ्हाइकाची आहे!" बाई ओरडतात.

"असू दे. शर्ट दुसरा शिवता येतो."