दहावा माणूस आणि काकूंचा डबा

आईला जाऊन वर्ष झालं तो शनिवार आणि दिल्लीच्या आमच्या सिनेगॉगमधला ‘परका कोण, आपला कोण’ या विषयावर पाहुण्यांना बोलावून ठेवलेला शिकण्याचा शब्बाथ एकाच दिवशी आले. मला वाटलं, बरंच झालं. मला आईसाठी कादिश म्हणायचं होतं. गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही. म्हणणारा धरून दहा यहुदी लागतात. अलिबागकडच्या आमच्या गावी सिनेगॉगला आता बहुतेक कुलूपच असतं, आणि आईला मुलगा मी एकटाच.

मी नोएडात लिफ्ट दुरुस्त करतो. नववीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. शनिवारची सुट्टी मला सहज मिळते, कारण बाकी सगळ्यांना रविवार हवा असतो. येतो मेट्रोनं. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडीत बसू नये हे मला माहीत आहे. नोएडाहून चालत येणं म्हणजे काय, हे देवालाही माहीत असावं.

हॉल तुडुंब भरला होता. शेजारचे सरदारजी, चर्चच्या दोन केरळी सिस्टर, गुडगावचे ऑफिसवाले, कॉलेजची मुलं. मी मनात आईला म्हटलं, बघ, तुझ्यासाठी केवढी गर्दी.

मग सगळे ज्यांना काका म्हणतात ते मोजायला उठले. काका मूळचे पुण्याचे, केंद्र सरकारात नोकरी करून दिल्लीतच निवृत्त झालेले. प्रार्थना तेच चालवतात. माणसं मोजू नयेत अशी आमच्यात रीत आहे, म्हणून ते ‘एक नाही, दोन नाही’ असं मोजतात. आमच्याकडे दहांत बायकाही धरतात. तरी काका ‘नऊ नाही’पाशी येऊन थांबले.

“गाझियाबादवाले कुठायत?” त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारलं.

“त्यांचे सासरे आलेत अचानक. नाही येत.”

“सासऱ्यांना पण आजच यायचं होतं! चलो, भाषण सुरू करू. तोवर कुणीतरी येईल.”

काकांनी पाहुण्यांचं स्वागत केलं. या घरात कुणी परका नाही, असं अगदी मनापासून म्हणाले. मग हळूच माझ्याजवळ येऊन कुजबुजले, “एक कमी आहे रे.”

सरदारजींनी ते ऐकलं. “मैं खड़ा हो जाता हूँ जी. क्या फ़र्क पड़ता है?”

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आत्ताच दिलेलं भाषण कुठून कसं मागे घ्यावं, हे त्यांना कळेना. व्याख्यान द्यायला आलेल्या प्रोफेसर बाईंना मात्र आनंद झाला. “किती सुंदर प्रश्न आहे! याच्यावरच चर्चा करू या का? गट पाडू.”

“प्रश्न सुंदर आहे मॅडम,” काका म्हणाले, “पण जेवण गार होतंय.”

गट पडलेच. चार गट माझ्या आईच्या कादिशवर चर्चा करू लागले. एका गटाचं मत, मोजावं. दुसऱ्याचं, मोजू नये पण वाईट वाटून घ्यावं. एक सिस्टर मला पाणी देऊन गेली. माझ्यामुळे एवढ्या शिकलेल्या लोकांचं जेवण लांबतंय, हेच डोक्यात. आई असती तर म्हणाली असती, अरे, आधी त्यांना वाढा.

मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. तिथे भिंतीच्या सावलीत पाठीवरच्या भल्यामोठ्या पिशवीला टेकून एक गोरा मुलगा पेंगत होता. गळ्यातल्या साखळीत हिब्रू अक्षर होतं. माझं इंग्रजी लिफ्टपुरतं. अप, डाउन, ओव्हरलोड.

“यू आर टेन,” मी म्हटलं.

“आय अ‍ॅम ट्वेंटी-थ्री,” तो म्हणाला.

मग मी आत बोट दाखवलं, दहा बोटं दाखवली, एक मिटलं. त्याला लगेच कळलं. त्यानं कपाळावर हात मारला. त्याचं म्हणणं मला तुकड्यातुकड्यांत समजलं ते असं, की आजोबा त्याला दर शनिवारी दहावा म्हणून ओढत न्यायचे. त्यातून सुटायला तो हिमालयात गेला होता. इथे आला होता फक्त जेवण मिळतं असं ऐकून.

मला वाद घालता येत नाही. “माय मदर,” एवढंच म्हणालो.

तो शिवी द्यावी तसं काहीतरी पुटपुटला आणि त्यानं पिशवी उचलली.

आत शिरताच प्रोफेसर बाईंनी त्याला गाठलं. “तुम्हाला इथे काय वाटतं? परके की आपले?”

“हंग्री,” तो म्हणाला.

काकांनी कुणाला बोलूच दिलं नाही. मी देवनागरीत लिहिलेलं कादिश हातात धरलं. मग म्हणायला सुरुवात केली. पहिला आमेन आला तो आमच्यातल्या बाकी आठ जणांचा, आणि उशिरा, त्या मुलाचा. दुसऱ्याला अख्खा हॉल सामील झाला. तिसऱ्यापासून सरदारजींना इतका जोर चढला की जिथे आमेन नसतो तिथेही ते म्हणू लागले, आणि सगळे त्यांच्यामागून. काकांनी डोळे मिटून घेतले. मी पुढे म्हणत गेलो. गावात आईची कायम तक्रार असायची, आमेनला कुणी घसा उघडत नाही म्हणून.

जेवताना तो मुलगा नारळाच्या दुधातली बटाट्याची भाजी तीनदा मागून खात होता. “तुझ्यासारखं कादिश कुणीच म्हणत नाही,” तो मला म्हणाला. मी घाबरून सॉरी म्हटलं. “नो, नो,” म्हणत त्यानं आणखी एक पुरी उचलली.

तो निघाला तेव्हा काकूंनी उरलेली भाजी स्टीलच्या डब्यात भरून त्याच्या हातात ठेवली.

“बेटा, डिब्बा वापस लाना. अगले शनिवार.”

“काकू, तो ऋषिकेशला चाललाय,” मी म्हटलं.

“जाऊ दे की. डबा माझा आहे. आणून देईल.”

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आलो, तेव्हा काकूंनी मलाही असाच डबा दिला होता. तो परत करायला मी पुढच्या शनिवारी आलो, आणि त्यांनी तो पुन्हा भरून दिला. आत्ताही तो माझ्या पिशवीत होता, घासून आणलेला.