तीनशे किलोचा मिस्त्री

चितेगाव ओलांडलं की पैठण रोडला लागून वहाब मिस्त्रीचं वर्कशॉप आहे. पत्र्याचं शेड, ऑइल सांडून काळं पडलेलं अंगण आणि लिंबाखाली गिऱ्हाइकांना बसायला ट्रकचं एक जुनं सीट. छोट्या ट्रॅक्टरला पुढून लोडर, म्हणजे माल उचलायची बकेट, बसवून देण्यात या माणसाची बारा-तेरा वर्षं गेली. त्याआधी तो कंपनीत वेल्डर होता. हात असा, की त्यानं मारलेला जोड उकललेला कुणी पाहिला नाही. आणि तोंड असं, की निम्मी गिऱ्हाइकं ते ऐकूनच उठून जात.

गिऱ्हाईक यायचं ते डोक्यात जेसीबी घेऊन. मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितलेला असायचा. त्यात इवलासा ट्रॅक्टर अख्खी टेकडी उचलतोय.

"मिस्त्री, हिरीचा मुरूम उपसल का ह्यो?"

"नाय."

"बांधाचे धोंडे?"

"नाय."

"मंग करतो काय?"

"शेणखत भरंल. चारा उचलंल. मोकळी माती सारंल. गोठा साफ करंल, तुमची कंबर वाचवंल. खोदायचं नाय, उपटायचं नाय. तीनशे किलोच्या वर एक घमेलं बी नाय. तेवढ्यात भागत आसंल तर बसा, चहा मागवतो."

बरेच जण चहा न पिताच जात. रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला दुसरा एक मिस्त्री होता. तो लोडरच्या दांड्यावर मोठ्या अक्षरांत 'एक टन' असं रंगवून द्यायचा आणि त्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग असायची. वहाब मात्र पांढऱ्या ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहायचा, '३०० किलो. खत, चारा, मोकळी माती. बस.' लोक घरी नेऊन ते खरवडून काढत. पावण्यारावळ्यांत लाज वाटते म्हणे. खरं बोलणारा माणूस सगळ्यांनाच आवडतो, फक्त आपण खरेदीला निघालेलो असताना तो समोर नको असतो.

त्याचा मुलगा मुनीब कपाळावर हात मारून घ्यायचा. "अब्बा, लोगां खुशी से आते, तुम उनको डराके भेजते."

"डरा हुआ आदमी जिंदा घर जाता," वहाब म्हणायचा आणि ग्राइंडर चालू करायचा. म्हणजे पुढचं काही ऐकायला नको.

सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो मागच्या डब्यावरून. पुढं बकेटमध्ये वजन उचललं की ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. उतार असला, बकेट उंच असली, की मागचा भाग सरळ उचलला जातो. म्हणून मागं लिफ्टच्या दांड्यांवर काँक्रीट भरलेला लोखंडी डबा लावायचा, अडीचशे किलोचा. वहाब डब्याशिवाय लोडर विकायचाच नाही. "डबा नको तर लोडर बी नको," इथवर यायचा. गिऱ्हाइकाला तो डबा म्हणजे निव्वळ लोढणं वाटायचं.

आता या माणसाची एक सवय सांगायलाच हवी. तिच्यात काही वाईट आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं, त्यालाही नाही. डब्यातलं काँक्रीट वाळायला आठ दिवस लागत आणि गिऱ्हाइकाला तर लोडर बसवला त्याच दिवशी उचलून बघायची घाई. मग वहाब अंगणात ट्रायल घ्यायचा. बकेटमध्ये वाळूची पोती टाकायचा आणि उभ्या असलेल्या दोघांना म्हणायचा, "जरा मागं उभं ऱ्हा दांड्यावर." दोन माणसं म्हणजे सव्वाशे किलो. दोन मिनिटांचं काम. सगळीकडंच असं चालतं. तो बकेट वर घ्यायचा, खाली घ्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे, नारळ फुटायचा.

मुंजाबा आला तो असाच एका बुधवारी. वेरूळच्या डोंगराखालच्या वस्तीवरचा धनगर. जन्म मेंढरांमागं गेला, आता गुडघे बोलायला लागले होते. निम्मी मेंढरं विकून त्यानं छोटा ट्रॅक्टर घेतला होता. बरोबर बायको कडूबाई आणि चोवीस वर्षांचा मुलगा आकाश. मेंढरांच्या वाड्यातलं लेंडीखत ट्रॉलीत भरायला लोडर हवा होता. वहाबला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणी जेवढं होतं तेवढंच मागत होतं.

"खतासाठी एक नंबर," तो म्हणाला. "पण मुंजाबा, धोंडे नाय उचलायचे. आणि डबा काढायचा नाय."

"नाय काढीत," मुंजाबा म्हणाला.

डबा भरलेला होता, पण ओला होता. ट्रायलला वहाबनं नेहमीसारखं म्हटलं, "दोघं जण मागं उभं ऱ्हा." मुंजाबा चढला. दुसरं कोण म्हणून तो इकडंतिकडं बघतोय तोच कडूबाईनं पदर खोचला आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. आकाश स्टेअरिंगवर होता. बकेट वर गेली तशी ती बाई लहान पोरीसारखी हसली. वहाबही हसला. त्यानं स्वतः तिला हात धरून खाली उतरवलं.

आठ दिवसांनी डबा घेऊन ते गेले आणि चार महिने सगळं बरं चाललं.

पाचव्या महिन्यात मुंजाबाचा फोन आला. नुसता रडत होता. वहाबला एवढंच कळलं की कडूबाई गेली, ट्रॅक्टरखाली. तो आणि मुनीब मोटरसायकलवर वस्तीवर पोचले तेव्हा अंगणात शंभरेक माणसं होती. माती अजून उचलली नव्हती. सवाष्ण गेली की माहेरचं माणूस आल्याशिवाय तिला हलवत नाहीत. तिचा भाऊ बद्रीनाथ वैजापूरकडून निघाला होता.

तोवर वहाबला शेजाऱ्यांकडून सगळं समजलं. वाड्याची भिंत पडली होती. तिचे धोंडे तेवढे बाजूला करायचे होते, पाच-सहाच. डबा चार दिवसांपूर्वी काढलेला, नांगर लावायला म्हणून. तो परत लावायला तीन माणसं लागतात आणि मुंजाबा मेंढरांमागं गेलेला. कडूबाई आकाशला म्हणाली, तू चालव, मी ऱ्हाते उभी मागं. तिच्याबरोबर शेजारची एक बाई उभी राहिली. चार धोंडे निघाले. पाचवा मोठा होता. उताराला बकेट वर असताना मागची चाकं उचलली गेली. शेजारीण बाजूला उडाली म्हणून वाचली. कडूबाई सरळ खाली पडली. आकाशनं घाबरून बकेट खाली सोडली. कुणीही तेच केलं असतं. बकेट खाली गेली तशी मागची चाकं परत जमिनीवर आली आणि त्यांच्याखाली ती होती.

आकाश भिंतीच्या कडेला उकिडवा बसला होता. रडत नव्हता, कुणाकडं बघतही नव्हता.

बद्रीनाथ दुपारी आला. बहिणीच्या तोंडावरचं कापड बाजूला करून त्यानं बराच वेळ पाहिलं. मग उठला. अंगणात आगीचं मडकं तयार होतं. ते धरायला कुणीतरी आकाशला हाताला धरून उठवलं.

"त्येनं हात लावायचा नाय," बद्रीनाथ म्हणाला.

एक म्हातारा पुढं झाला, "आरं, ल्योक हाय तिचा. अपघात झाला."

"अपघात कसा? मला रस्त्यानं समदं कळलंय. मागं लोखंडी डबा लावायला सांगितला व्हता. ह्येनं काढला आन् माझ्या भईनीला डब्याच्या जागी उभी केली. मेंढरू तरी उभं करतो का कुनी आसं?" त्याची नजर गर्दीतून फिरत वहाबवर थांबली. "मिस्त्री तुम्हीच ना? तुम्ही सांगा समद्यांसमोर. डबा काढायचा नाय म्हून सांगितलं व्हतं का नाय?"

शंभर माणसं वहाबकडं बघायला लागली. आकाशनंही मान वर केली.

वहाबला त्या क्षणी आपलं अंगण दिसलं, खोचलेला पदर दिसला. दुसरं वाक्य जिभेवर आलं होतं. डबा सांगितला तोंडानं, पण माणसं उभी करायला मीच दाखवलं. एवढंच बोलायचं होतं. पण समोर बहिणीसाठी पेटलेला माणूस होता आणि परगावात आपण दोघंच. वहाब घाबरला.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

"ऐकलं?" बद्रीनाथ म्हणाला.

माहेरच्या माणसाच्या पुढं त्या दिवशी कुणाचं चालत नाही. मडकं मुंजाबानं धरलं. गुडघे दुखत होते, दोनदा अडखळला. आकाश सगळ्यात मागं, लोकांपासून लांब चालत राहिला. चितेजवळही त्याला कुणी येऊ दिलं नाही. तो ओढ्याच्या अलीकडंच थांबला आणि तिथूनच त्यानं धूर बघितला.

परत येताना मुनीब म्हणाला, "तुम झूठ थोड़ी बोले, अब्बा. बोला था तुमने."

सबंध आयुष्यात वहाब वजनाच्या बाबतीत कुणाशी खोटं बोलला नव्हता आणि त्याची त्याला घमेंड होती. ती घमेंड फुकाची नव्हती. पण त्या दिवशी त्यानं निम्मं खरं सांगितलं, आणि जे निम्मं गिळलं ते त्याचं स्वतःचं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. पोलिसांनी अपघात म्हणून कागद केला आणि विषय मिटला. वहाबनं ट्रायल घेणं बंद केलं. गिऱ्हाइकानं आग्रह केला तर म्हणायचा, आठ दिवसांनी या. मागं कुणी नुसतं टेकलं तरी अंगावर धावून जायचा. गुलशन, त्याची बायको, विचारायची, जेवत का नाही. तो म्हणायचा, उन्हाळा आहे. दोनदा तो वेरूळच्या रस्त्याला लागला आणि खुलताबादच्या घाटातून परत फिरला. वस्तीवरून कानावर यायचं ते असं, की मामाकडचं येणंजाणं बंद झालंय, आकाशचं जमलेलं लग्न मोडलंय, बायामाणसं त्याला बघून पोरं आत घेतात. आईला खाल्लेला, म्हणतात त्याला.

तीन महिन्यांनी बापलेक ट्रॅक्टर घेऊन आले. मुंजाबा निम्मा झाला होता.

"लोडर काढून घ्या, मिस्त्री," तो म्हणाला. "मोबदला काय नको. नजरंसमोर नको फक्त."

मुंजाबा ट्रकच्या सीटवर जाऊन बसला. आकाश मदतीला थांबला. वहाब पिना ठोकून काढत होता, आकाश दांडे धरत होता. त्यानं चांगले धरले होते, हात स्थिर होते.

"चाचा, तुम्ही सांगितलं व्हतं," आकाश मधेच म्हणाला. "मी ऐकलं नाय. माझंच चुकलं. तुमच्यावर बोल येऊ देनार नाय कदी."

वहाबचा हातोडा थांबला. पोरगं त्यालाच धीर देत होतं. त्याला आठवतच नव्हतं का, का आठवूनही त्यानं ते मनातून पुसलं होतं? आता आपण गप्प राहिलो तर हे कुणालाच कधी कळणार नाही, हेही वहाबला स्वच्छ दिसलं. पुढं कुणी विचारणारही नव्हतं.

"बेटा," तो म्हणाला, "आईला मागं उभं ऱ्हायला कुणी शिकवलं?"

आकाशनं धरलेला दांडा जमिनीवर टेकवला.

"मी शिकवलं. ह्याच अंगणात. डबा ओला होता, मी म्हटलं दोघं उभं ऱ्हा. तुझी आई चढली. मी तोंडानं नको नको म्हणत होतो आणि हातानं तेच करून दाखवत होतो. माणूस ऐकत नाय, बघतो. तिनं बघितलं ते केलं. तू बी बघितलं तेच केलं. तुझी चूक नाय ही."

शेडमध्ये मुनीबनं मशीन बंद केलं. मुंजाबा सीटवरून उठला नाही, पण त्यानं ऐकलं होतं.

आकाशला हळूहळू आठवलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा श्वास पुरा आत गेला असावा. आणि मग त्याच चेहऱ्यावर दुसरं काही आलं.

"तुम्हाला त्या दिवशी म्हाईत व्हतं हे?"

"होतं."

"मामानं इचारलं तवा?"

"तेव्हा पण."

"मंग का नाय बोलले?"

वहाबनं हातोडा खाली ठेवला. "घाबरलो," तो म्हणाला. "तुझ्या मामाला घाबरलो. उद्याच वैजापूरला येतो तुझ्याबरोबर. त्याच्या दारात उभा राहून सांगतो. दहा लोकांसमोर सांगतो. मारू दे मला. मग तरी तुला घरात घेतील."

"घेतील," आकाश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि वहाबला राग हवा होता. "लगीन बी जमंल कदाचित. पण आईचं मडकं एकदाच धरायचं आसतं, चाचा."

त्यानं उरलेली पिन स्वतःच ठोकून काढली.