तांदळाच्या पोत्यांमागचा नळ

पत्नी गेल्यावर पुण्याला दिवसवार करून मी डीमन या डच गावातल्या आमच्या फ्लॅटवर परतलो. त्या रविवारी दुपारी तीन मित्र भेटायला आले. तिघेही माझ्यासारखेच इंजिनिअर. एका बँकेची सगळी यंत्रणा कोलमडली तर कोणी काय करायचं, याचे जाडजूड आराखडे आम्ही चौघे लिहीत असू.

चहा उकळत होता आणि वॉशिंग मशीनचा पाइप निसटला. पाणी सरळ बेडरूमकडे निघालं. तिथे जमिनीवर तिची पुस्तकं रचलेली होती. तिने समासात पेन्सिलीने लिहिलेलं मी अजून वाचलं नव्हतं.

"मेन कॉक कुठाय रे?"

"मला काय माहीत!"

"घर तुझं आहे ना लेका?"

"तुझ्या घरातला कुठाय, सांग बघू."

तो सिंकखाली डोकावू लागला. दुसऱ्याने लॅपटॉप उघडला. तिसरा घरमालकाच्या टेप केलेल्या डच निरोपाला "हॅलो, हॅलो" करत राहिला. मी टॉवेल टाकत होतो, तेही ठेवणीतले.

इथल्या घरांत पाणी, गॅस, वीज, सगळं दाराशेजारच्या मीटरच्या कपाटात असतं. आपल्या लोकांना ते आयतं कोठार वाटतं. ऑफरमध्ये आणलेली बासमतीची पोती, रिकामे डबे, भारतात न्यायच्या बॅगा. ती म्हणायची, "इथे नको रचूस. वेळेला हात पोचायचा नाही." मी मान डोलवायचो आणि आणखी एक पोतं आणायचो.

हे आठवलं तेव्हा कुठे आम्ही चार पोती ओढून काढली. मागे नळ होता. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्या अक्षरात: "पाणी. उजवीकडे घट्ट फिरव." ती माझ्यासाठीच होती. एवढं लिहून देण्याची गरज घरात दुसऱ्या कोणाला नव्हती.

खालची तीन पुस्तकं भिजून फुगली. पेन्सिलीची अक्षरं तेवढी शाबूत राहिली. मी एकेक पान सुटं करत बसलो. बाहेर मित्रांचं चाललं होतं, "वेळेवर सुचलं म्हणून वाचलो बाबा."

बाहेर आलो तर त्यांनी चारही पोती पुसून, एकावर एक, पुन्हा नळासमोर रचली होती.

"पसारा आवरला," एक जण म्हणाला. शाबासकी मिळेल, अशी त्याची खात्री दिसत होती.

ते गेल्यावर मी पोती बाहेर काढली आणि सोफ्यासमोर, अगदी वाटेत ठेवली. पुढच्या रविवारी येतील तेव्हा अडखळू देत.