आप्पांच्या राखाडी घोडीची रेस

यंदाचा जानेवारी, रविवार दुपार. ठरलेलं मानधन दोनशे रुपये. हजर तिघे: मी, माझे वडील आप्पा आणि मटार सोलत बसलेली बायको. जागा, भाईंदर पश्चिमेच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी.

मी खेळांचं समालोचन करतो. आता बहुतेक कबड्डी, पण सुरुवात घोड्यांपासून झाली. आजोबा तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, आप्पा जॉकी. माझं वजन जॉकीच्या मापात बसेना, म्हणून मी माईकवर गेलो. आप्पांनी मला रेस बोलताना कधी ऐकलं नाही. घरातलं माणूस घोड्यावर असताना रेडिओ लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम. माणूस उतरलं, नियम राहिला.

त्या दुपारी मात्र ते म्हणाले, "माझी एक रेस बोल. राखाडी घोडीची. फुकट नको, दोनशे देतो."

बायको म्हणाली, "आप्पा, घरचं गिऱ्हाईक म्हणून हे जास्त लावतात हं."

ती रेस मला ऐकून माहीत होती. शेवटच्या दोनशे मीटरवर आप्पा पुढे होते. घोडीचा पुढचा पाय आखडल्यासारखा वाटला आणि त्यांनी तिला आवरलं. नंतर डॉक्टरांना पायात काही सापडलं नाही. आप्पांनी पैसे खाल्ले, असं लोक बोलले. हळूहळू कुणी घोडा देईना. पाय खरंच आखडला की आपल्याला भास झाला, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

त्यांनी आठ जॉकींच्या सदऱ्यांचे रंग सांगितले. नेहमीसारखे मी ते रंगीत पेन्सिलींनी कागदावर भरून पाठ केले. मग उभा राहिलो. समोर मिठागरं उन्हात पांढरी पडली होती. बोलायला लागलो तसा त्या पांढऱ्यावर रेसकोर्सचा कठडा उमटला, हिरवळ आली, आणि रंग एकमेकांत मिसळत वळणावरून निघाले. आप्पांनी डोळे मिटले होते. त्यांचे हात मांडीवर, लगाम धरल्यासारखे.

दोनशे मीटर राहिले. तिला जिंकवणं माझ्या जिभेवर होतं. पण जे झालं नाही ते मी कधी बोललेलो नाही.

"राखाडी घोडी पुढे... जॉकी रिकिबीत उभा राहिलाय. घोडी मागे पडतेय. सातवी. आठवी. चालत येतेय, चारही पायांवर येतेय."

 आप्पा हळूच म्हणाले, "लंगडत होती का रे?"

"वर माईकपाशी बसून तेवढं दिसत नाही, आप्पा. ते पाठीवरच्यालाच कळतं."

त्यांनी मान हलवली. हात सैल सोडले.

बाजूच्या खिडकीतून शेजाऱ्याने विचारलं, "कौन जीता, भाईसाब?" आप्पांनी खिशातून दोनशे काढून माझ्या हातात ठेवले.

आमच्यात रेसनंतर पहिला वाटा घोड्याचा असतो. आप्पांनी दिलेल्या दोनशेतून मी गाजरं आणि गूळ आणला. संध्याकाळी दोघे नाक्यावर गेलो. तिथे वरातीची घोडी बांधलेली असते. आप्पांनी आधी तिच्या पुढच्या पायावरून हात फिरवला, मग सगळं तिलाच दिलं.