नऊ बाटल्या

आमच्या औषध कंपनीचा इतिहास बाबा पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा तो बाबांपासूनच सुरू व्हायचा. खरं तर तो घाटकोपरच्या आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाला. बाबा स्टोव्हवर बाळांच्या पोटदुखीचं औषध उकळायचे आणि त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, बाटल्या धुवायची. पुढे मुलुंडला गाळा घेतला, यंत्रं आली, पण भरलेली प्रत्येक बाटली आत्याच तपासायची. समोर अर्धी पांढरी, अर्धी काळी फळी आणि वर दिवा. बाटली उलटी धरायची, आत धागा किंवा कचरा तरंगताना दिसला की बाजूला काढायची. तिच्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं तिला खपायचं नाही.

ऐंशीच्या दशकात मी फार्मसी शिकून कंपनीत आले. शिंगं फुटली होतीच. कॉलेजात शिकवलेली एक परीक्षा मी आत्याला न सांगता घेतली. पाच खराब बाटल्या तिच्या ट्रेमध्ये मिसळल्या. तिने पाचही पास केल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यासमोरच बाबांना सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "वय झालं तिचं. उद्यापासून तू बस. बाहेर कुठे बोलू नकोस."

आत्याने डबा बंद केला. "आणि बाजारात गेलेल्या मालाचं काय?"

"कोणाची तक्रार आलीय का?"

"बाळं काय तक्रार करणार रे? गणपतीपासून मला धूसर दिसतंय. बोलले नाही, चूक माझी. तेव्हापासूनचा सगळा माल परत मागव."

"ताई, वाट लागेल आपली!"

"डोळे माझे गेलेत. तुझे आहेत ना?"

माल परत आला. बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मी तिच्या स्टुलावर बसून खोकी तपासत होते. रोज संध्याकाळी ती दारातून विचारायची, "किती?" खोटं सांगावंसं फार वाटायचं, पण खरंच सांगत गेले. शेवटी खराब बाटल्यांचा आकडा नऊवर थांबला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि आत्या थेट गाळ्यावर आली. मी उठू लागले, तर खांदा दाबून तिने मला खाली बसवलं.

"त्या नऊ काढ."

उभ्यानेच तिने एकेक बाटली दिव्याखाली उलटी केली. शेवटी नववी खाली ठेवली.

"सगळ्यांत कचरा दिसतोय गं," ती म्हणाली आणि रडायला लागली.